उंबराच्या डोहाची खबर

उंबरपाडा, ता. पेठ
११ ऑक्टोबर २०२३

प्रिय वहिनी,

जोहार. वर सौ. लिहू की नको, या घोळात पहिला कागद फुकट गेला. शेवटी नुसतं वहिनी लिहिलं. वहिनी तर तू आहेसच.

आम्ही बरे आहोत. आई जेवते, पण ताट पुढ्यात घेऊन बराच वेळ नुसती बसते. मी ओरडले की मग घास घेते. हळवं भात कापून झालं, नागली अजून उभी आहे. तुझी तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन मिरवते, त्यातलं एक मुंगसानं नेलं. तुला फोन करायचा तर टेकडीवर जाऊन रेंज शोधायची, आणि तिथे आधीच चारजण कान टवकारून उभे. शिवाय तुझा फोन तुझ्या भावाच्या खिशात. म्हणून ही चिठ्ठी. झिपरू पिकअप घेऊन लासलगावला येतो, उत्तर त्याच्याच हाती दे. तो बडबड्या आहे, पण दुसऱ्याचं पाकीट फोडत नाही.

माहेरी जाताना तू म्हणालीस, "सरू, डोहावर लक्ष ठेव. वर्षभर तिथं काय दिसतं ते मला कळव. चांगलं असो, वाईट असो." मी अंगणवाडीला जाता-येता उंबराखाली थांबते. तर ही पहिली खबर.

जुलैच्या पुरात दादा गेला तेव्हा पाणी लाल होतं आणि खडकावर त्याचं घोंगडं नि बॅटरी तेवढी सापडली, ते तू पाहिलंच आहेस. आता पाणी हिरवं झालंय. काठाकाठानं तळ दिसतो, मधे नाही. कडेला तेरडा फुललाय. उंबराची पानं पडतात आणि डोहात गोल गोल फिरत राहतात, लवकर बाहेर पडत नाहीत. मला ते बघवत नाही, पण बघते.

दहाव्याचं तू विचारलंस. तू तापानं फणफणली होतीस, तुला कोणी नीट सांगितलं नाही. माणूस गेला त्या जागी आपण पीठ पसरतो, वर टोपलं पालथं घालतो आणि सकाळी बघतो कशाचं पाऊल उमटलं. मुंगी, पाखरू, गाय, जे उमटेल त्या रूपात माणूस गेला म्हणायचं. दादा घरात गेला नाही, म्हणून पुंजारामबाबा भगतानं सांगितलं, पीठ डोहाजवळच्या कपारीत घाला, तिथं पाऊस लागत नाही. तसं घातलं.

सकाळी पिठावर माणसाचं पाऊल होतं, वहिनी. डावं. करंगळी नसलेलं.

गवत कापताना विळ्यानं त्याची करंगळी गेली तेव्हा मी एवढीशी होते, पण ते पाऊल मी कुठेही ओळखीन. टोपलं बाजूला झालं होतं, त्याच्यावर ठेवलेला धोंडा त्याच्याच आत. वारंही होतंच म्हणा त्या रात्री. आईनं पिठात कपाळ टेकलं. "माझा पोसा मानूस होऊन आला! कुठं नाय गेला तो, हितंच हाय!" तोंडाला पीठ लागलेलं आणि ती हसत होती. ती हसली म्हणून सगळे हसले. मीही हसले.

अजून एक. डोहावर संध्याकाळी शीळ ऐकू येते, दादा घरी येताना घालायचा तशीच. आई ओट्यावरून उठून उभी राहते. तो निळाकाळा पक्षी आहे, पाऊसभर ओढ्याकाठी शीळ घालतो, मी डोळ्यांनी पाहिलाय. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग पक्षी काय नुसताच वरडतो का?" तिच्याशी कोण वाद घालणार?

तब्येत जप. ताप पुन्हा आला तर दवाखान्यात जा, अंगावर काढू नकोस.

तुझी,
सरू


२१ जानेवारी २०२४

प्रिय वहिनी,

जोहार. तुझं पत्र मिळालं. तू मनोजचं लिहिलंस ते मी उंबराखाली बसून वाचलं. आधी राग आला, खोटं कशाला बोलू? वाटलं, सहा महिन्यांत? मग परत वाचलं. खळ्यावर कांदा निवडताना तो तुझ्या शेजारी गोण्या शिवतो, बायको गेल्यापासून कमी बोलतो, आणि डबा खाताना अर्धी भाजी तुझ्याकडे सरकवतो. एवढंच तू लिहिलंस आणि पुढे, "मी त्याला काही म्हणाले नाही." माझ्या दादानं शेवटच्या वर्षात तुझ्याकडे काय सरकवलं ते मी याच घरात राहून पाहिलंय. राग फार वेळ टिकला नाही.

पण इथलं तुला कळायला हवं. तुझा भाऊ तुझ्या दुसऱ्या लग्नाचं, पाटाचं, पंचांना विचारायला येऊन गेला. पंच म्हणाले, देह मिळाला असता तर प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, "पाऊल मानसाचं उमटलंय. तो याच घरात परत येनार. मंग त्याची बाई दुसऱ्याच्या घरात कशी जाईल?" शेवटी पुंजारामबाबानं तोड काढली. वर्षाच्या तिथीला पुन्हा पीठ घालायचं. पीठ स्वच्छ निघालं तर दादा सुटला. त्याच्या नावाचा चिरा बसवायचा आणि तू मोकळी. पाऊल उमटलं तर तू या घराची. तुझ्या भावानंही मान डोलावली.

म्हणजे तुझं सगळं आता मूठभर पिठावर आलं. मला हे आवडलेलं नाही, पण माझं कोण ऐकतंय?

डोहाची खबर. पाणी इतकं नितळ झालंय की मला भीती वाटते. सकाळी त्याच्यावरून वाफ निघते आणि पलीकडचा काठ दिसत नाही. वाटतं, तिथे कोणी उभं असेल तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. दहाच्या उन्हाला वाफ जाते, तिथे कोणीच नसतं. मधल्या खोल भागात काहीतरी पांढरं दिसायचं. मी आठवडाभर कोणाला बोलले नाही, जेवणही जाईना. मग एके दिवशी बांबूनं ढोसून पाहिलं. उंबराचं मूळ होतं, साल निघालेलं. घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या आणि मग रडले.

शीळ घालणारा पक्षी आता गप्प आहे. पाडाही गप्प आहे, सगळी दिंडोरी-निफाडला द्राक्षांवर गेलीत. म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. आई कपारीत रोज भाकर ठेवते. पावसात ती भाकर लगेच जायची, आता दिवस दिवस तशीच वाळते. "रुसलाय," म्हणते. मी कुत्र्याला घालते आणि तिला सांगते, खाल्ली त्यानं.

पौष लागला. गेल्या पौषातलं मी काही लिहीत नाही, तूही त्या दिवसांत एकटी बसू नकोस.

तुझी,
सरू


१९ मे २०२४

प्रिय वहिनी,

जोहार. उशीर झाला, रागावू नकोस. लिहिण्यासारखं खूप होतं आणि लिहवत नव्हतं.

डोह आटला.

मार्चपासूनच पाणी वेगानं उतरत होतं, पाऊसच कमी झालेला. पळस फुलला तेव्हा मधला खडक उघडा पडला. मोहाची फुलं वेचायला बाया यायला लागल्या तेव्हा गुडघाभर राहिलं. एरवी या दिवसांत सगळा पाडा डोहात उतरून मासे धरतो, केवढा दंगा असतो, तू पहिल्या वर्षी चिखलात बसकण मारलीस आणि दादा हसून हसून पडला होता. यंदा कोणी जाळं काढलं नाही. मासे उथळ पाण्यात तडफडत होते आणि माणसं काठावर उभी राहून बघत होती. बगळ्यांची मात्र चैन झाली.

शेवटी चिखल उरला तेव्हा पुरुष उतरले. टोपल्यांनी गाळ काढला, हातांनी चाळला. आई उंबराखाली पांढरं फडकं मांडीवर पसरून बसली होती, जे मिळेल ते घ्यायला. एक फुटकी कळशी निघाली. बैलाचं शिंग निघालं. कोणाचा तरी जुना कोयता निघाला, तो दादाचा नव्हता. बाकी काही नाही. त्याच्या हातातलं जाड कडं तरी मिळायला हवं होतं. संध्याकाळी आईनं फडक्याची घडी घातली आणि ती आपली आपण उठली.

वाहून गेला असेल, असं सगळे म्हणाले. पुराला काय, समुद्रापर्यंत नेईल. पण डोहाचं तोंड तुला ठाऊक आहे, दोन खडकांमध्ये जेमतेम कंबरेएवढी फट. गेल्या पुरात कुसाबाईचं वासरू तिथंच अडकलं होतं. असो. पाण्याचं कोणी काय सांगावं.

कपारीपाशी बरंच बसले होते त्या दिवशी. टोपलं अजून तिथेच आहे. ते हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसले. मला एक लिहायचं आहे, पण आज नाही लिहीत.

तू फक्त एवढं कळव. मनोज तुला खरंच आवडतो का? भावावर भार नको म्हणून नव्हे, पोट भरावं म्हणून नव्हे. तो आला की तुला बरं वाटतं का? खरं लिही, इतर कोणी वाचणार नाही.

झिपरू नांदगावच्या बाजाराला जाऊन आलाय. तो तुला काही बोलला तर मनावर घेऊ नकोस. त्याला कोणीही कोणासारखं दिसतं.

तुझी,
सरू


१ ऑगस्ट २०२४

वहिनी,

घाईत लिहिते, झिपरू हॉर्न वाजवतोय. काल सकाळी पीठ पाहिलं. स्वच्छ होतं. पुंजारामबाबा, पंच, आई, सगळ्यांनी पाहिलं. आईनंच सांगितलं, "मीनाला कळव, जा म्हनावं, सुखी राहा."

दिवाळीनंतर पाट लावा. मी साडी नेसून येईन आणि तुझ्या मनोजची परीक्षा घेईन. कपाळावर कुंकू लाव, वहिनी. आता तुला कोणी विचारणार नाही.

तुझीच,
सरू


३ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

जोहार. हे पत्र झिपरूच्या पिकअपनं जाणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपारीतल्या भेगेत ठेवते, जिथे तू लहानपणी गोट्या लपवायचास. त्या जागेची माहिती आपल्या दोघांनाच.

आम्ही बरे आहोत. भाताची आवणी झाली. डोह पुन्हा भरलाय, पाणी लाल आहे. निळाकाळा पक्षी परत शीळ घालायला लागलाय. यंदा शीळ ऐकली की मी पक्षी दिसेपर्यंत उभी राहते. तो दिसला की मगच पुढे जाते.

टोपलं आठवतंय का तुला? गेल्या वर्षी सकाळी ते बाजूला होतं. पालथं नव्हतं, दादा. सरळ, उताणं ठेवलेलं, आणि वरचा धोंडा उचलून आत ठेवलेला, गडगडू नये म्हणून. आई तसंच ठेवते, तिनंच आपल्याला शिकवलं. वाऱ्याला ते कोणी शिकवलं? पण आम्ही इतके जण होतो आणि पाऊल बघून कोणाच्याही मनात आलं नाही, की हे चालत्याबोलत्या माणसाचं असेल. आम्ही मेलेल्याचं पाऊल शोधायला गेलो होतो, तेच आम्हाला मिळालं. आम्ही त्याच्या पाया पडलो.

डोह आटला आणि तू त्यात नव्हतास, तेव्हा मला टोपलं आठवलं. मग झिपरू नांदगावहून आला, म्हणाला, "एक मानूस दिसला, चालनं डिट्टो आपल्या लखनचं. हाक मारली तर त्यानं पाय उचलला आन् गर्दीत घुसला." झिपरू त्याला भूत समजला आणि दोन दिवस तापानं पडला. मी त्याला म्हटलं, गप्प बस, आई ऐकेल. त्यानंतर मी डोहाकडे बघायचं सोडून वाटेकडे बघायला लागले.

वर्षाच्या पिठाला तू येशील असं मला वाटलं होतं. तिथी तुला ठाऊक होतीच, तुझीच होती. मी उजाडता उजाडता, सगळ्यांच्या आधी गेले. कपारीबाहेर ओल्या मातीत बुटांचे ठसे होते, येणारे आणि जाणारे. आत पिठावर अनवाणी डावं पाऊल, मधोमध, नीट दाबून उमटवलेलं. बूट काढून आत आलास. तेवढी रीत पाळलीस.

का उमटवलंस, तेही मला कळलं. गेल्या वर्षी तू कुठेतरी झाडीत बसून आईचं हसणं ऐकलं असशील. तुला वाटलं, चला, एवढं तरी आपल्याला आईला देता येतं. म्हणून पुन्हा दिलंस. आणि त्या पावलाखाली कोण दाबलं जातंय, याचा तू विचारच केला नाहीस. ते पाऊल दिसलं असतं तर वहिनी जन्मभर या ओट्यावर बसून तुझी वाट बघत राहिली असती. जिवंत माणसाची नव्हे, पिठातल्या पावलाची.

तू का गेलास ते मी विचारत नाही, मला माहीत आहे. पौषात द्राक्षाच्या मळ्यावर, त्या पाल्याच्या झोपडीत तुमचं बाळ तापानं गेलं. तू त्याला बांधाच्या कडेला पुरून आलास आणि त्यानंतर वहिनीच्या तोंडाकडे बघितलं नाहीस. मला म्हणालास, "तिच्याकडं पाह्यलं का मला पोराचं तोंड दिसतं, सरू." दादा, तिलाही आरशात तेच दिसत होतं. ती कुठे पळणार होती? तुझ्या वाटचंही रडणं तिनं रडलं, आणि वर तू मेलास म्हणून पुन्हा रडली. मला तुझा फार राग येतो. आणि त्या सकाळपासून दर वेळी कुत्रं भुंकलं की मी दारात जाऊन बघते.

मी पीठ पुसलं. तळव्यानं, हळूहळू, कडेपासून आत. टाच पुसताना काही वाटलं नाही. जिथे करंगळी नाही तिथे हात थांबला. तिथे तोंड टेकवावंसं वाटलं, आईनं टेकवलं होतं तसं. मग तेही पुसलं, बाहेरचे बुटांचे ठसे पायानं मोडले आणि टोपलं पालथं घालून धोंडा वर ठेवला. घरी येऊन हात धुतले तरी नखांत पीठ राहिलं होतं. तेच नख दाताखाली धरून मी सगळ्यांबरोबर परत गेले आणि टोपलं उचलताना पाहिलं.

आई बराच वेळ त्या स्वच्छ पिठाकडे बघत होती. मला वाटलं, आता ती कोसळेल. पण ती म्हणाली, "सुटला माझा पोसा." त्या दिवशी ती माझ्या ओरडण्याविना जेवली. दुसऱ्यांदा भात मागितला. गेलं वर्षभर तिला इथेच धरून ठेवणारं ते पाऊल होतं, हे मला तेव्हा कळलं. बरं केलं की वाईट, ते मला कळत नाही. विचारायचं तर ते तुलाच विचारता आलं असतं.

काल चिरा बसला. उंबराखाली, डोहाकडे तोंड करून. वर चंद्रसूर्य आणि घोड्यावरचा माणूस. घोडा जरा गाढवासारखा झालाय, तू असतास तर हसला असतास. आईनं त्याला शेंदूर लावला, मी पाणी घातलं.

पुढच्या वर्षी पीठ नाही. वहिनीचा पाट दिवाळीनंतर लागेल. तिच्या वाटेला जाऊ नकोस, लासलगावच्या बाजूलासुद्धा फिरकू नकोस. इथेही येऊ नकोस. आईनं तुला एकदा पोचवलंय, तिला तुला पुन्हा पोचवायला लावू नकोस. जिथे आहेस तिथे राहा, वेळेवर जेव, आणि कधीतरी कोणाजवळ तरी त्या पोरासाठी रड.

टोपल्याखाली भाकर आणि सुकट ठेवली आहे, लसणाची चटणीही. ही शेवटची. खाऊन झालं की टोपलं पालथं घालून जा. सरळ ठेवू नकोस, आता मला ते ओळखता येतं.

मयत लखन सोमा याची धाकटी बहीण,
सरिता